बाबा टीव्हीचा आवाज का वाढवतात?

प्रश्न : बाई, नमस्कार. मी डोंबिवलीला राहते, राज्यशास्त्रात एम.ए. करतेय. माझे वडील एमआयडीसीतल्या एका कारखान्यात फिटर होते. कारखाना बंद पडला. आता सात वर्षं ते एका मोठ्या सोसायटीच्या गेटवर वॉचमन आहेत, बारा तासांची ड्युटी. घरी आले की बातम्या लावतात. कुणी अभ्यासू नेता बोलत असला तर चॅनल बदलतात. पण एक ठरावीक नेते (नाव लिहीत नाही) भर सभेत मंत्र्यासंत्र्यांना अरे-तुरे करून, खालच्या पातळीवर उतरून बोलायला लागले की बाबा टीव्हीचा आवाज वाढवतात. त्या नेत्याच्या पक्षाने कामगारांसाठी काय केलं, काय नाही, याची आकडेवारी मी त्यांना काढून दाखवली. "तुझं तुझ्यापाशी ठेव," म्हणाले. मी चिडून "तुम्हाला कळत नाही" म्हटलं. चार दिवस घरात बोलणं बंद आहे. आयुष्यभर कष्ट केलेल्या, शहाण्या माणसाला ही भाषा का आवडते?
— एक विद्यार्थिनी, डोंबिवली

उत्तर : वयानं तू मला नातीसारखी, म्हणून 'तू' म्हणते. आधी बाबांना म्हटलेलं ते वाक्य मागे घे. हे उत्तर छापून येईपर्यंतही थांबू नकोस. त्यांना कळतं. काय कळतं ते सांगायला मला माझ्या बाबांची गोष्ट सांगावी लागेल.

माझे बाबा १९४६ साली कणकवलीकडच्या गावातून मुंबईला आले आणि लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात लागले. साचा म्हणजे माग. एका छपराखाली शेकडो माग एकदम चालतात तेव्हा शेजारच्या माणसाच्या कानात ओरडलं तरी ऐकू जात नाही. साचेवाले ओठांच्या हालचालींवर आणि हातांच्या खुणांवर बोलत. दुसरी पाळी करून बाबा रात्री साडेबाराला घरी यायचे तेव्हा भुवयांत, कानांच्या पाळ्यांवर कापसाची बारीक लव चिकटलेली असायची. आई ओल्या फडक्याने ती पुसायची. पन्नाशीच्या आतच त्यांना कमी ऐकू यायला लागलं. लांब, हळू, सभ्य वाक्य त्यांच्यापर्यंत पोचायचंच नाही. त्यांना सडेतोड सभा आवडतात त्या यामुळेच, असं मला बरीच वर्षं वाटत होतं. पण ते एवढ्यावर भागत नव्हतं.

१९६६ ची गोष्ट. आईचं ऑपरेशन करायचं होतं. बाबांना फंडातले स्वतःचे पैसे काढायचे होते. मी बारा वर्षांची, चार अक्षरं इंग्रजी वाचणारी, म्हणून मला बरोबर घेऊन गेले. जाळीच्या खिडकीमागे बसलेल्या माणसाने फॉर्म न बघताच परत ढकलला आणि इंग्रजीत काहीतरी म्हणाला. त्यातला 'इन्कम्प्लीट' एवढा शब्द मला कळला. काय राहिलंय ते विचारायला बाबा वाकले, तर तो म्हणाला, "अरे, बाजूला हो, मागे लाइन आहे." बाबा म्हणाले, "होय साहेब." ती आमची तिसरी खेप होती. खिडकीपासून घरापर्यंत बाबा एक शब्द बोलले नाहीत. घरी आल्यावर नळावर माझी कळशी जरा कलंडली, तर मला असे ओरडले की अख्खा मजला बाहेर आला.

त्याच वर्षी ऑक्टोबरात शिवाजी पार्कवर शिवसेनेचा पहिला मेळावा झाला. पक्ष जूनमध्ये स्थापन झाला होता. बाबा मला घेऊन गेले होते. बाळ ठाकरे तेव्हा चाळिशीचे, व्यंगचित्रकार म्हणून माहीत. त्यांच्या बोलण्यातही व्यंगचित्राचीच रीत होती. चार रेघांत माणूस उभा करायचा, त्याचं नाक वाजवीपेक्षा मोठं काढायचं आणि खाली एक ओळ लिहायची, की लिहितावाचता न येणाऱ्यालाही समजावं. कागद नाही, आकडे नाहीत. त्या दिवशीच्या भाषणातलं एकही वाक्य आज मला आठवत नाही. बाबांचा चेहरा मात्र लख्ख आठवतो. सकाळी घासून-पुसून ठेवलेल्या पितळी गडूसारखा तो उजळला होता.

हा उजाळा कशाचा, ते मला पुढे रात्रशाळेत शिकवायला लागल्यावर उमगलं. माझे विद्यार्थी दिवसभर काम करून येणारे होते : बदली कामगार, हॉटेलात कपबश्या विसळणारी पोरं, दुकानांतले गडी. मी त्यांना मराठीतली संबोधनं शिकवत होते, अरे, अहो, आपण. फळ्यावर दोन रकाने आखले आणि विचारलं, दिवसभरात तुम्ही 'अहो' कुणाला म्हणता आणि तुम्हाला 'अहो' कोण म्हणतं? पहिला रकाना भरून वाहायला लागला : जॉबर, मुकादम, शेठ, पोलीस, रेशन दुकानदार, घरमालकाचा भय्या, कंडक्टर. दुसऱ्या रकान्यात बराच वेळ काहीच येईना. शेवटी एक मुलगा म्हणाला, "बाई, तुम्ही."

तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर त्या फळ्यावर आहे. आपल्या भाषेत माणसाची पायरी क्रियापदातच दिसते. 'ये' आणि 'या' यांत अख्खी उतरंड मावते. कष्टकरी माणूस दिवसभर 'ये' ऐकतो आणि 'या साहेब' म्हणतो. उलटून बोलला तर पोटावर पाय येतो. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. मग संध्याकाळी मैदानात एक माणूस उभा राहतो, ज्याच्यापुढे सगळं कार्यालय चळाचळा कापतं त्या मंत्र्याला 'अरे' म्हणतो आणि समोर धुळीत बसलेल्यांना 'माझ्या बांधवांनो, भगिनींनो आणि मातांनो' म्हणतो. फळ्यावरचे दोन्ही रकाने तो उलटे करतो. बाबांना त्या शिव्यांत रस नव्हता. घरात त्यांनी कधी शिवी दिली नाही. त्यांना हवा होता तो खिडकीमागच्या माणसाला कुणीतरी म्हटलेला 'अरे'. तो त्यांच्या घशात अडकला होता आणि दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडून बाहेर पडला.

आता तुझ्या बाबांकडे बघ. बारा तास ते गेटवर उभे असतात. गाडी आली की सलाम करतात. कुणी विशीतला पोरगा काच खाली न करताच हॉर्न वाजवतो. फिटर असताना त्यांच्या हातात पाना होता, हुद्दा होता, मशीन अडलं की सुपरवायझरसुद्धा त्यांना विचारायला यायचा. ते सगळं गेलं आणि वर 'होय सर' आलं. हे ते तुला घरी येऊन सांगणार नाहीत. मुलीला कोण सांगतं? ते टीव्हीचा आवाज वाढवतात.

आमच्या गिरणगावात तर हे तोंड कायद्यानेच बांधलेलं होतं. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एका धंद्यात एकाच मान्यताप्राप्त युनियनला मालकाशी बोलण्याचा अधिकार दिला. गिरण्यांमध्ये तो काँग्रेसच्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता. कामगार मनाने कुणाहीबरोबर असोत, त्यांच्या वतीने टेबलावर बसणार संघच. ज्याला आपण निवडलं नाही त्याने आपल्या नावाने सही करायची, असं वर्षानुवर्षं चाललं. असं बांधून घातलेल्या माणसाला मोकळं बोलणारा भेटला की तो त्याचं बाकीचं फारसं तपासत नाही.

तुझ्या अभ्यासक्रमात बहुधा असं मांडलं असेल की डावे समजावून सांगत होते आणि सेना भडकावत होती. मला हे मान्य नाही. सडेतोड बोलणं ही कुणा एका पक्षाची मिरास नव्हती. १९२८ चा सहा महिन्यांचा संप ज्यांनी लढवला त्या कम्युनिस्ट पुढारी डांगेंचं भाषण ऐकायला माणसं मैलभर चालत यायची, ती अर्थशास्त्र ऐकायला नव्हे. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात आचार्य अत्रे मोरारजी देसाईंबद्दल जे बोलत आणि आपल्या 'मराठा' दैनिकात जे लिहीत ते आज कुणी छापलं तर तू कानांवर हात ठेवशील. आमच्या चाळीत 'मराठा' मोठ्याने वाचला जायचा आणि ऐकणारे बहुतेक लाल बावट्याचे होते. लढा जिंकला, १९६० साली राज्य मिळालं. त्यानंतर मात्र डाव्यांच्या सभांमधला तो 'अरे' कमी कमी होत गेला. बाबा सांगायचे, गेटवरच्या सभेत वक्ता व्हिएतनामपासून निघायचा आणि बोनसपर्यंत पोचेस्तोवर भोंगा व्हायचा. व्हिएतनामबद्दल बाबांचं काही वाकडं नव्हतं, पण पाळीची वेळ झालेली असायची.

नुसत्या भाषणावर कुणी वीस-तीस वर्षं मतं देत नाही, हेही लक्षात घे. सेनेची शाखा आमच्या नाक्यावर होती. रात्री दोन वाजता बाळंतीण अडली तर रुग्णवाहिका तिथून यायची. नळाला पाणी नाही, शाळेत प्रवेश मिळत नाही, घरमालक छळतो, असली गाऱ्हाणी घेऊन गेलं की शाखाप्रमुख निदान उठून बरोबर यायचा. पुढे सेनेच्या स्थानीय लोकाधिकार समितीने बँका, विमा कंपन्या, विमानसेवा यांच्या भरतीत मराठी मुलांसाठी आग्रह धरला, नुसत्या घोषणा न देता मुलांकडून अर्ज भरून घेतले, परीक्षांची तयारी करून घेतली. माझा चुलतभाऊ असाच बँकेत लागला. खिडकीच्या अलीकडे उभ्या असलेल्या आमच्या घरातला एक जण खिडकीच्या पलीकडे जाऊन बसला. बाबांच्या लेखी ठाकऱ्यांचं भाषण त्या दिवशी खरं ठरलं. तू आकडेवारी दाखवतेस तेव्हा तुझ्या बाबांच्या मनात असाच कुणीतरी चुलतभाऊ असेल. तो कोण, ते आधी विचार.

इथवर मी बाबांच्या बाजूने बोलले. आता जे सांगायचं ते मला जड जातं.

'अरे' हा शब्द सुटला की कुणाच्या तरी अंगावर पडतोच. कुणाच्या पडतो, सगळा प्रश्न तिथे आहे. ठाकऱ्यांच्या 'मार्मिक' साप्ताहिकात मोठ्या कचेऱ्यांतल्या अमराठी अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या यायच्या. सदराचं नाव आधी 'वाचा आणि थंड बसा' होतं, मग 'वाचा आणि उठा' झालं. चाळीच्या गॅलरीत त्या याद्या मोठ्याने वाचायचं काम माझ्याकडे होतं, कारण माझे उच्चार स्पष्ट. दक्षिणेकडची लांबलचक नावं मी वाचायची आणि लोक हसायचे. मीही हसायचे. त्या खिडकीमागचा माणूस कोण होता हे मला आजही माहीत नाही. तो मराठीच असेल, कुणास ठाऊक! 'अरे' तर तो चांगल्या मराठीत म्हणाला होता. पण यादीतले साहेब चर्चगेटला, फोर्टला बसत, तिथवर कुणाचा हात पोचत नव्हता. हात पोचला तो आमच्या कोपऱ्यावरच्या उडप्यापर्यंत. 'बजाव पुंगी, हटाव लुंगी' करत पोरं आली आणि त्याच्या काचा फुटल्या. एका लांबलेल्या संपात याच माणसाने बाबांना तीन महिने उधारीवर चहा आणि उसळ-पाव दिला होता, वहीत न मांडता. दुसऱ्या दिवशी पहाटे पहिल्या पाळीला जाताना बाबा त्याच्याकडे गेले. मी दूध आणायला निघाले होते, मी पाहिलं. बाबांनी काही न बोलता केरसुणी घेतली आणि काचा गोळा करायला लागले. तो म्हणाला, "मालक, राहू द्या, हाताला लागेल." बाबांना 'मालक' म्हणणारा अख्ख्या मुंबईत तो एकटा होता.

बाबांनी सभांना जाणं तरीही सोडलं नाही. हे मी लपवणार नाही.

मग ते वाढत गेलं. १९६७ साली परळच्या दळवी बिल्डिंगमधल्या कम्युनिस्टांच्या गिरणी कामगार युनियनच्या कचेरीवर हल्ला झाला. १९७० च्या जूनमध्ये परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा लालबागेत खून झाला आणि पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नीचा पराभव करून सेनेचा पहिला आमदार निवडून आला. १९९२-९३ च्या दंगलींत मुंबईत नऊशे माणसं मेली. त्या दंगलींची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात सेनेवर आणि ठाकऱ्यांवर काय ठपका आहे ते तू वाचलं असशीलच, नसेल तर वाच. या एवढ्या वर्षांत दाक्षिणात्यांना 'अरे' झालं, कम्युनिस्टांना झालं, मुसलमानांना झालं, पुढे उत्तर भारतीय टॅक्सीवाल्यांना झालं. ज्यांच्या गिरणीत बाबांचे कान गेले त्या मालकांवर तो आसूड तसा कडाडल्याचं मला आठवत नाही. २००५ साली दादरच्या कोहिनूर गिरणीची जागा ४२१ कोटींना विकली गेली, तेव्हा ती घेणाऱ्यांत सेनेचे माजी मुख्यमंत्री मनोहर जोशी यांच्या चिरंजीवांची आणि राज ठाकरे यांची कंपनी होती. बाबा तोवर हयात नव्हते.

मालकांना 'अरे' म्हणणाराही एक भेटला होता. डॉ. दत्ता सामंत. देवबागचे, म्हणजे आमच्याच मुलखातले. इंजिनिअरिंग कारखान्यांत त्यांनी घसघशीत पगारवाढी मिळवून दिल्या होत्या. कंपनीचा ताळेबंद बघायला ते तयार नसत, परवडत नाही म्हणणाऱ्याचं ऐकूनच घेत नसत. १९८१ च्या बोनसच्या तंट्यात गिरणी कामगारांचे जथे घाटकोपरला त्यांच्या घरी गेले आणि आमचं नेतृत्व करा म्हणून हटून बसले. वक्ता म्हणून ते काही मोठे नव्हते. वाक्य अर्धवट सोडायचे, तेच तेच सांगायचे, पण ते सांगायचे रुपयात. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. साठच्या आसपास गिरण्या, अडीच लाख कामगार. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. सडेतोड बोलण्याची ही दुसरी बाजू. मागे यायचा रस्ता बोलणारा स्वतःच बंद करतो, आणि त्याच्यामागे चालणाऱ्या माणसांनाही मग मागे फिरता येत नाही.

१९८४ च्या डिसेंबरात, इंदिराजींच्या हत्येनंतरच्या लाटेतही, गिरणगावाने डॉक्टरांना लोकसभेवर पाठवलं. पुढच्याच वर्षी याच गिरणगावाने मुंबई महापालिका सेनेच्या हाती दिली. बाबांनी दोन्हीकडे मत दिलं. मी तेव्हा तुझ्यासारखीच तावातावाने भांडले, हे कसलं राजकारण म्हणून. ते म्हणाले, "डॉक्टर गिरणीचा बोलतत, सेनावाले नळाचा बोलतत. माका दोनय व्हया." त्या वाक्याला माझ्याकडे तेव्हाही उत्तर नव्हतं.

संपानंतर बाबांची गिरणी त्यांच्यासाठी उघडली नाही. पंचावन्नाव्या वर्षी ते एका इमारतीच्या गेटवर रात्रीचे वॉचमन झाले. म्हणून तुझं पत्र वाचताना मला मध्येच थांबावं लागलं.

तू काय करावंस? आकडेवारी पुन्हा दाखवशील, पण आज नको. बाबा ड्युटीवरून आले की टीव्ही चालू राहू दे, शेजारी बस आणि विचार, आज गेटवर काय झालं. दोन-तीन दिवस "काही नाही" म्हणतील. मग सांगतील. ऐकून घेताना मध्ये बोलू नकोस. त्यांचं सांगून झालं की एकच विचारायचं : तुमचे ते नेते त्या काच खाली न करणाऱ्याला कधी काही बोललेत का? उत्तर त्यांना काढू दे. मला ते कळवलंस तर बरं वाटेल.

प्रश्न : मी इचलकरंजीत यंत्रमाग कामगारांमध्ये काम करतो. मीटरवर मजुरी, आजारी पडलं की त्या दिवसाचं काहीच नाही, घरी पाणी चार-चार दिवसांआड. हे सगळं मी लोकांसमोर मांडतो. पण माझा स्वभाव शिवी देण्याचा नाही. लोक म्हणतात, "मास्तर, तुम्ही मिळमिळीत बोलता." निवडणुकीला उभं राहायचं तर बोलणं बदलू का?
— एक कार्यकर्ता, इचलकरंजी

उत्तर : तुम्ही जे मला चार वाक्यांत लिहिलंत ते मिळमिळीत नाही. सभेत मात्र तुम्ही असं बोलत नसाल. तिथे 'असंघटित क्षेत्रातील श्रमिकांच्या सामाजिक सुरक्षेचा प्रश्न' म्हणत असाल. मी असे पुष्कळ सज्जन कार्यकर्ते ऐकलेत. माइक हातात आला की त्यांची भाषा इस्त्री करून येते.

माझी आई खानावळ चालवायची, बारा-चौदा गिरणी कामगार जेवायला असत. दर महिन्याला वाण्याची उधारी, सावकाराचं व्याज. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं, खानावळवाल्या बायकांना राष्ट्रीयीकृत बँकांतून कर्ज मिळवून देण्यासाठी. प्रेमाताई गोव्याच्या मुक्तिलढ्यातून आलेल्या, कम्युनिस्ट चळवळीत घडलेल्या. त्यांचं बोलणं ऐकून आई घरी आली आणि तिने बाबांना ते जसंच्या तसं सांगितलं, कारण ते तिच्या लक्षात राहिलं होतं. तुम्ही किती माणसांना जेवू घालता, महिन्याला व्याज किती जातं, ते कुणाच्या घरात जातं, बँकेत गेल्यावर काय म्हणायचं, अंगठा असेल तरी खुर्चीवर बसूनच बोलायचं. कुणाला शिवी नव्हती, पण सावकार सुटला नव्हता.

तेव्हा बोलणं बदला, पण शिवीकडे जाऊ नका. मीटरला किती पैसे मिळतात आणि तोच मीटर बाजारात कितीला जातो, हे दोन आकडे सलग सांगा. मध्ये स्पष्टीकरण घालू नका. पाणी कोणत्या तारखेला आलं होतं ते सांगा. जबाबदार कोण ते पदासकट सांगा आणि त्याच्या कचेरीत आपण कधी जाणार आहोत त्याचा वार सांगा. त्या दिवशी जा. दहाच माणसं आली तरी जा. समोरच्यांना 'अहो' म्हणा, अगदी पोरांनाही, आणि ते मनापासून म्हणा, कारण लबाडी त्यांना दोन वाक्यांत कळते. ठाऊक नसेल ते "ठाऊक नाही, सोमवारी विचारून सांगतो" म्हणा आणि सोमवारी सांगा. जिंकाल याची हमी मी देऊ शकत नाही. शिवी देणाऱ्याच्या सभेला गर्दी जास्तच होईल.

प्रश्न : आमच्या वॉर्डात सभेत पुढारी विरोधकांना "हातात बांगड्या भरा" म्हणतात आणि टाळ्या पडतात. माझ्या जावाही टाळ्या वाजवतात. मला आतून लागतं, पण बोलले तर 'हिला राजकारण कळत नाही' म्हणतील. काय बोलावं?
— एक गृहिणी, नाशिक

उत्तर : हे वाक्य मी पक्षोपक्षी ऐकलंय. बायकांना टाळ्या वाजवताना कदाचित वाटत असेल की तो टोमणा आपल्याला नाही, त्या समोरच्या पुरुषाला आहे. तसं नाही, हे त्यांना समजतं. पण सभेत एकटीने हात मांडीवर ठेवून बसायला धीर लागतो. जावांवर रागावू नका.

१९८२ च्या संपात खानावळवाल्या बायकांनी कित्येक महिने संपकऱ्यांना उधारीवर जेवू घातलं, घरातला सोन्याचा मणी विकून. त्याच दिवसांत आमच्या नाक्यावर एका सभेत स्थानिक शाखेचा एक तरुण पदाधिकारी हेच बांगड्यांचं वाक्य बोलला. तो आमच्याच खानावळीत जेवायचा. त्या रात्री तो पानावर बसला तेव्हा आईने भाकरी वाढता वाढता विचारलं, "काय रे, ह्या हातात काय आहे?" हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या. तो खाली बघत राहिला. आईने आमटी वाढली. जेवून झाल्यावर त्याने कधी नव्हे ते आपलं ताट स्वतः मोरीवर नेऊन ठेवलं. नंतर पंधरा दिवस तो आला नाही. मग आला, आणि आईने वाढलं.